अर्ध्या कोसावरचा देव

मी प्रथम तिचे कौतुक केले आणि नंतर तिला ओळखले. हा क्रम उलटा असता, तर पुढील काहीच घडले नसते, असे मला आजही वाटते. पौष महिन्यातला गुरुवार होता. आमच्या जिनिंग प्रेसच्या मालकांचा मेहरूण तळ्याच्या वाटेवर मळा होता आणि तेथील पाण्याच्या लोखंडी टाकीला गंज चढू नये म्हणून शेंदराचा हात देण्याचे काम मजकडे आले होते. एरवी माझे काम रुईच्या दाबलेल्या गाठींवर पत्र्याच्या साच्यातून काळ्या शाईचा छाप मारण्याचे. परंतु ब्रश धरता येतो म्हणून रंगाची कामेही मलाच सांगत. शेंदूर जवसाच्या तेलात कालवून, डबा दोरीने मनगटाला अडकवून, मी सकाळच्या भोंग्यापूर्वीच शिडीवर चढलो होतो. खाली बोरीच्या झाडांवर दव होते आणि तळ्यावरून वाफ निघत होती. त्या वाफेच्या अलीकडे, जळगावाकडून येणाऱ्या रस्त्यावर, एक स्त्री चालताना दिसली. तिने पदर कमरेला खोचला होता. तिच्या डोक्यावर घडा नव्हता, भारा नव्हता, काखेत टोपली नव्हती. तिचे दोन्ही हात रिकामे होते आणि ते चालीबरोबर मोकळे हलत होते. रिकाम्या हातांनी चालणारी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती, हे मला त्या क्षणी प्रथम उमगले. माझ्या मनात वाक्य आले ते असे : ही कोण्या घरची गृहिणी असेल ती असो, हिच्या पावलांत केवढा निश्चय आहे. वाक्य मनासारखे जुळले म्हणून मी ते पुन्हा एकदा मनात म्हटले. तोपर्यंत ती शिडीच्या खालून पुढे गेली आणि तिचा डावा खांदा उजव्याहून बोटभर उतरता असल्याचे मला दिसले. तो खांदा मी चौतीस वर्षे पाहत आलो होतो. ती माझी पत्नी वच्छला होती.

मी हाक मारली नाही. ब्रशावरून शेंदूर माझ्या धोतरावर ठिबकत राहिला. ती तळ्याच्या पाळेवर चढली, पाळेच्या निम्म्यापर्यंत गेली, तेथे एका बाभळीपाशी थांबली, वळली आणि त्याच वेगाने परत निघाली. ती कोणाला भेटली नाही, काही वेचले नाही, काही ठेवले नाही. ज्या ठिकाणाहून ती वळली ते ठिकाण मी डोळे ताणून पाहिले. तेथे देव नव्हता. देऊळ नव्हते, दगड नव्हता, झेंडा नव्हता. माझी पत्नी, जी रोज पहाटे आळीच्या टोकाच्या पिंपळाला प्रदक्षिणा घालण्यास जाते असे मी समजत होतो, ती जेथे काहीच नाही अशा ठिकाणापर्यंत जाऊन परत येत होती. 

त्या दिवशी मी टाकीची एकच बाजू रंगवली; हात चालत होता आणि मन मागे मागे जात होते. प्रारंभ झाला तो दोन वर्षांपूर्वी, तव्यावर भाकरी टाकलेली असताना. मी पाटावर बसलो होतो. वच्छला एकाएकी चुलीपुढून उठली, मोरीपाशी गेली आणि पाण्याने भरलेल्या तांब्याच्या हंड्याला तिने आपला गाल लावला. मग दुसरा गाल. भाकरी करपली. तिच्या कपाळावर, मानेवर, ओठांच्या वर घामाचे थेंब फुटले होते आणि बाहेर तर कार्तिकाची हवा होती. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आंगात चूल पेटली." एवढेच. पुढे ती चूल दिवसातून सहा वेळा पेटू लागली. तिची झोप गेली. गुडघे धरू लागले. भाजीत मीठ दोनदा पडे, किंवा पडतच नसे. धरणगावास दिलेली आमची लेक बाळंतपणाहून परत गेली त्या दिवशी वच्छला दाराशी उभी राहून इतकी रडली की टांगेवाला घाबरला. आणि दुसऱ्याच दिवशी, लेकीचे पत्र आले नाही म्हणून मी हळहळलो तर मजवरच संतापली. महिन्याचे तिचे बसणेही बेताल झाले. दोन दोन महिने काही नाही, आणि मग एका पंधरवड्यात दोनदा तिला ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसावे लागे. तिच्या शरीराने जणू पंचांग फेकून दिले होते.

माझे शिक्षण मराठी पाचवीत थांबले; परंतु अक्षरांवर माझी भक्ती आहे. मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन वैद्यकाचा एक जाड ग्रंथ उघडला आणि तीन संध्याकाळी शोधून मला तो शब्द सापडला : रजोनिवृत्ती. पंचेचाळिशीच्या सुमारास प्रत्येक स्त्रीच्या देही हे परिवर्तन घडते, असे तेथे लिहिले होते. शब्द इतका भारदस्त होता की त्याच्यापुढे दुखणे आपण होऊन मान लववील, असा मला विश्वास वाटला. घरी येऊन मी तो तिला सांगितला. ती निवडत असलेल्या तुरीच्या डाळीवरून मान वर न करता म्हणाली, "नाव कळलं. आता झोप येईन का?"  मग मी गुलकंद आणला, वाळ्याचे पाणी आणले, मोरावळा आणला. ती सर्व काही घेत असे, मला वाईट वाटू नये म्हणून. शिवाय मी तिचे श्रमही कमी केले. आळीत नळ आल्यावर विहिरीवर जाणे तर मी आधीच बंद केले होते. आता सरपणाची मोळी घरपोच येईल अशी व्यवस्था केली, आणि आसोद्याला तिच्या भावाच्या शेतात कापूस वेचायला ती दरवर्षी हौसेने जात असे, तेही थांबवले. मला वाटले, मी तिला सुख देत आहे. शिडीवर उभा राहून आता मला स्पष्ट दिसत होते की ज्या ज्या निमित्ताने ती घराबाहेर चालत होती, ते ते निमित्त मी एकेक करून, प्रेमाने, काढून घेतले होते.

नंतर प्रदक्षिणा आल्या. एके दिवशी, मागच्या आषाढात, वच्छला पहाटे उठून पिंपळाला गेली आणि एकशे आठ फेऱ्या घालून आली. दुसऱ्या दिवशीही गेली. मी कारण विचारले नाही, कारण व्रताचे कारण विचारू नये. परंतु पिंपळाला स्त्री फेऱ्या घालते ती कोणासाठी, हे कोणास ठाऊक नाही? त्याच सुमारास गाठींच्या धुळीने मला खोकला झाला होता आणि डाव्या बाजूस एक कळ येत असे. मी मनाशी हिशोब मांडला : एखाद्या ज्योतिष्याने तिला काही सांगितले असावे, आणि ती ते मजपासून लपवीत असावी. श्रावण आणि भाद्रपद मी मरणाच्या छायेत काढले. वाचनालयाची दोन पुस्तके परत केली. ज्या सहकाऱ्याशी साच्यावरून सात वर्षे बोलणे नव्हते, त्याला आपण होऊन राम राम घातला, तो बिचकला. पहाटे ती गेली की अंथरुणावर पडल्या पडल्या मी तिच्या फेऱ्यांची कल्पना करी आणि माझे डोळे भरून येत. ही स्त्री स्वतः जळत असताना माझ्या आयुष्यासाठी फिरते आहे. खोकला गेला, कळ गेली. ते श्रेय मी पिंपळाला दिले. आणि आज त्या शिडीवर मला असे वाटले की कोणी माझ्या हातून ते मरण आणि ते प्रेम, दोन्ही एकदमच हिरावून घेतले.

दुपारी प्रेसकडे परतताना तंबाखूच्या दुकानावर चिंधाने मला अडवले. चिंधा आमच्याच आळीचा, जिभेला हाड नसलेला. "तोताराम भाऊ," तो चुना मळता मळता म्हणाला, "वहिनींनी पोस्टात नोकरी धरली वाटतं."

"कसली नोकरी?"

"मंग काय. रोज सकाळी तळ्याकडं टपाल घेऊन जातात आन रिकाम्या हातानं येतात. तळ्यात कोण राहतं हो तुमचं?"

दुकानावरची माणसे हसली. मीही हसलो, म्हणजे ओठ मागे घेतले. परंतु चिंधाच्या थट्टेतला शेवटचा प्रश्न माझ्या छातीत बाभळीच्या काट्यासारखा मोडून राहिला, कारण तो प्रश्न घरी माझी थोरली बहीण आधीच विचारून चुकली होती.

माझी बहीण ताईबाई, जिला आम्ही अक्का म्हणतो, पिंपळनेरच्या बाजूस दिलेली. वैधव्य आल्यावर वर्षभरापासून ती आमच्या घरी होती. तिच्या बोलण्यात अजून त्या मुलखाची अहिराणी आहे. दसऱ्यापासून ती मला एकांतात सांगत होती, "तोता, तुनी बायकोले बाहेरनं लागेल शे. तळमाथून तिले कोणी बलावस. नही तं देव नही, देऊळ नही, तठे बाईमाणूसनं काय काम?" म्हणजे अक्काला तळ्याची वाट ठाऊक होती आणि मलाच नव्हती; मी ते बायकी बोलणे समजून कानाआड केले होते. तिच्या मते उपाय एकच : पिंपळनेरकडच्या तिच्या गावी एक भगत आहे, तो मिरच्यांची धुरी देतो, आणि धुरीने न भागल्यास तापल्या सळईचा डाग. येत्या सोमवारी धुळ्याची मोटार, तेथून पुढची मोटार. निरोपही गेला होता. आणि मी, अक्षरांचा भक्त, रजोनिवृत्ती हा शब्द शोधणारा, मी होकार दिला होता. का दिला? वच्छलेने एका दुपारी रागाच्या भरात पितळी भिरकावली आणि ती अक्काच्या पायाला लागली, त्या दिवशी मी थकलो होतो. थकलेला माणूस दुसऱ्याच्या खात्रीवर डोके टेकतो.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी अक्काला विचारले, "डाग देणे जरूरच आहे का?" ती जात्यावर ठेवलेल्या दिव्याची वात नीट करीत होती. तिने आपल्या डाव्या हाताची बाही वर सरकवली. कोपराच्या वर, आतल्या अंगाला, चिंचेच्या पानाएवढे दोन पांढरे, गुळगुळीत व्रण होते. साठ वर्षांच्या माझ्या बहिणीचा दंड मी कधी पाहिला नव्हता. "माले बी असंच व्हये," ती म्हणाली. "आंग पेटे. नींद नही. सासरनी मंडळीनी मालेबी तठेच लई गयतात."

"मग बरे वाटले?"

अक्काने काडीने वात पुढे सारली. "डाग दुखाले लागना," ती म्हणाली, "मंग दुसरं काहीच समजनं नही." आणि बाही खाली करून, जणू एक साधी पाककृती सांगावी तशा स्वरात पुढे म्हणाली, "सोमवारले सकायनी मोटार शे. तिनं लुगडं बांधी ठेव."

वच्छला ओसरीवर वांगे भाजत होती. मी तिच्यापाशी जाऊन बसलो. वांग्याची साल तडतडत होती आणि तिच्या चेहऱ्यावर विस्तवाचा उजेड होता. मी म्हणालो, "आज मी मळ्यातल्या टाकीवर होतो. शिडीवर." तिने वांगे उलटले. तिला कळले. "तेथे देव नाही," मी म्हणालो. माझा स्वर तक्रारीचा झाला, हे माझे मलाच ऐकू आले.

"नही," ती म्हणाली. "मले ठाव हाये."

"मग पिंपळ का सोडलास?"

"पिंपळाले गोल फिरून घेरी येये. घाण्याचा बैल बी डोयाले पट्टी बांधून फिरतो, मी उघड्या डोयानं फिरू? आन महिन्याचं तर माह्यं असं, कधी बसावं लागेन ते सांगता येत नही. बसले का चार दिवस पिंपळ बंद. चार दिवस बंद का पुन्हा झोप गेली." ती थांबली. "आसोद्याहून आले ना मी ज्येष्ठात, भावाशी भांडून? टांगा भेटला नही. पायी आले. सारी वाट घाम, सारी वाट मनात भांडन. घरी येऊन पडले ते सकाळी उठले. दोन वर्षांत पयली झोप. तवाच समजलं."

"परंतु चालल्याने दाह थांबतो का?"

"थांबत कुठी? येतो तवा येतोच. पन घरात घाम फुटला तर सारे मायाकडे पायतात. वाटेनं चालनारीले घाम आला तर कोनी इचारत नही." तिने हात झटकला. "गुडघे सुटले. डोकं शांत राह्यतं. मले ते चालनं माह्यं वाटतं, बस. बाकी काही नही त्यात."

मी तिला विचारणार होतो : मग त्या फेऱ्या माझ्यासाठी नव्हत्याच? तो प्रश्न माझ्या जिभेवर दोन महिन्यांच्या मरणासह बसला होता. पण ती वांग्याचा देठ धरून सोलत होती, तिची बोटे पोळत होती आणि ती पोळू देत होती. माझ्या प्रश्नाची मला लाज वाटली. मी विचारले ते दुसरेच, "सोमवारचे तुला कळले आहे?"

"अक्कानं सांगतलं. तुमी हो म्हनले, ते बी सांगतलं." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "न्यायचं तर न्या. डाग द्यायचा तर द्या. मी रडनार नही. पन एक सांगून ठेवते. आल्यावर मी चालीन. चालनं बंद करायचं आसन तर पायाले डाग द्यायले सांगा."

ती हे रागाने म्हणाली नाही. भरितात मीठ घालावे तसे, बेताने आणि एकदाच, म्हणाली. मी त्या क्षणी तिच्याकडे पाहिले आणि सकाळी शिडीवर आलेले वाक्य मला पुन्हा आठवले. फरक इतकाच की आता ती कोण्या घरची हे मला ठाऊक होते. जिला वैद्याने, ग्रंथाने, नवऱ्याने काही दिले नाही, तिने आपल्या दोन पायांनी औषध शोधून काढले होते; ते आषाढापासून पौषापर्यंत नित्य घेतले होते; आणि त्याचा कोणापाशी उच्चारही केला नव्हता, कारण उच्चार करताच ते काढून घेतले जाईल हे तिला ठाऊक होते. कोणाकडून? माझ्याकडून.

शुक्रवारी प्रेसमध्ये मी इंजिनावरच्या हारुन मिस्त्रीला थोडेसे सांगितले. हारुन आणि मी एकाच वर्षी लागलेलो. तेलाचे हात पुसत तो म्हणाला, "भाऊ, आमच्या घरी हसीनाबीचं बी हेच झालं होतं. मी म्हटलं हकीम बोलावतो. ती म्हनली, हकीम परद्याआडून नाडी धरनार, त्याला घामाचं काय कळनार. आमच्याकडं एक बरं, दिवसातून पाच येळा उठनं, वाकनं, बसनं असतं. गुडघे तरी शाबूत ऱ्हायले."

"पण ते देवासाठी असते, हारुन."

"अल्लासाठीच असतं," तो म्हणाला. "पन गुडघे तर हसीनाबीचेच ना?"

इंजिनाचा पट्टा फिरत होता. मी गाठीवर छाप मारीत होतो आणि एकच गोष्ट मनात फिरत होती. अक्काच्या बोलण्याचा सारा भार एका ठिकाणी टेकला होता : तेथे देव नाही. देव नाही म्हणून वाट वाईट, देव नाही म्हणून तळे हाक मारणारे, देव नाही म्हणून चिंधाचे टपाल. तीच वाट, तीच बाई, तेच रिकामे हात. परंतु टोकाला देव असता, तर हीच माणसे तिला वाट देण्यासाठी बाजूला झाली असती. मी पत्र्याचा साचा उचलला. खाली छाप उमटला होता. गाठीत कापूस कोणताही असो, बाजारात तिला ओळख येते ती छापाने, आणि छाप मारणारा मी.

दुपारनंतर टाकीचे राहिलेले काम संपवले. डब्यात चार बोटे शेंदूर उरला. मी पाळेवर गेलो. बाभळीपाशी तळ्याच्या बांधातून निसटलेला एक काळा दगड पडला होता, गुडघ्याएवढा, वर निमुळता. तो उभा करण्यास मला बराच वेळ लागला. दोनदा घसरून माझ्या पायावर येता येता राहिला. उभा राहिल्यावर मी ब्रश बुडवला आणि थांबलो. माझ्या वडिलांनी मला खोटे बोलल्याबद्दल एकदाच मारले होते, आणि ते देवाची शपथ खोटी घेतल्याबद्दल. हे त्याहून मोठे नव्हे काय? परंतु मग मला वाटले, गावोगावच्या दगडाला पहिला शेंदूर कोणीतरी लावलाच असेल. त्याचे मन त्या वेळी कशाने भरले होते, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. माझे मन कशाने भरले आहे, हे मला ठाऊक होते. मी दगडाला नाव दिले नाही. डोळे काढले नाहीत. टाकीला दिला तसा, वरून खाली, सरळ हात दिला, एक थर वाळण्याची वाट न पाहता त्यावर दुसरा दिला, आणि शेवटी, कोणी पाहत नाही असे पाहून, नमस्कार केला. तो नमस्कार मात्र खोटा नव्हता.

शनिवारी पहाटे ती गेली आणि नेहमीच्या वेळेला परत आली.  मी तिच्या चेहऱ्यावर काही शोधत होतो. तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि आत गेली. रविवारी अक्का मोटारीसाठी दशम्या करू लागली, तेव्हा मी म्हणालो, "अक्का, सोमवारचे जाणे होणार नाही. तळ्याच्या पाळेवर देव आहे. वच्छलेचा तेथे रोज जाण्याचा नेम आहे, आणि नेम मोडून भगताकडे नेणे मला योग्य वाटत नाही." एवढे लांब वाक्य मी बहिणीपुढे कधी बोललो नव्हतो.

अक्काने लाटणे खाली ठेवले. "कोन्ता देव?"

"तू पाहून ये," मी म्हणालो. आणि माझी छाती अशी धडधडू लागली की भाद्रपदातली ती कळ परत येते की काय असे वाटले.

ती खरोखरच गेली. एकटी, काठी टेकीत, उन्हे कलल्यावर. येईपर्यंत मी ओसरीवर बसून होतो. ती गेली होती त्याहून सावकाश आली, पायरीवर बसली आणि तिने कपाळावरचा घाम पदराने टिपला. चालण्याने तिच्या गालांवर लाली आली होती. माझी लबाडी उघडी पडली असेल, तर ती आता पडणार होती. अक्का म्हणाली, "ताजा शेंदूर शे. कोणीतरी सेवा करस." मग तिचा उजवा हात आपोआप डाव्या दंडाकडे, बाहीखालच्या व्रणांकडे गेला आणि तेथेच राहिला. "मनी येळले," ती म्हणाली, म्हणजे तिच्या वेळेला, "मनी येळले हाऊ देव नव्हता." दशम्या तिने शेजारच्या पोरांना वाटून टाकल्या. भगताला काय निरोप धाडला, ते मी विचारले नाही.

माघ उजाडेतो त्या दगडापुढे कोणी नारळ फोडला होता. मग एक कोरी खणाची चिंधी बाभळीला बांधलेली दिसली. आळीतल्या पुष्पाबाई, ज्यांना वर्षभर झोप नव्हती हे त्यांच्या डोळ्यांखाली कोणीही वाचले असते, वच्छलेबरोबर जाऊ लागल्या. मग आणखी दोघी. कोणी त्याला म्हसोबा म्हणे, कोणी पाळेवरचा बाबा. हसीनाबीसुद्धा बुरखा घेऊन, मेहरूणची बोरे वेचण्याच्या निमित्ताने, त्यांच्यामागून दहा पावले ठेवून जात असे, असे हारुननेच हसत सांगितले. चिंधाने टपालाची थट्टा सोडली. एकदा तर त्याने मला तंबाखू देताना आवाज खाली आणून विचारले, "भाऊ, वहिनींच्या देवाला गुरुवार चालतो का शनिवार? आमच्या घरी बी जरा ताप ताप म्हनते."

हे सर्व पाहून मला समाधान व्हावयास हवे होते, आणि होत होते. परंतु त्याच्या तळाशी एक बोच होती. मी पत्नीशी बोललो नव्हतो. तिचे चालणे वाचवण्यासाठी मी तिच्या वाटेवर काहीतरी ठेवले होते, आणि ते तिला न विचारता, जसे विहिरीवर जाणे थांबवले, जशी मोळी आणवली, तसेच. एका सकाळी ती परत येऊन पाय धूत असताना मी धीर केला. म्हणालो, "पाळेवरच्या देवाविषयी मला काही सांगावयाचे आहे."

तिने तांब्या खाली ठेवला. "पयल्याच दिवशी हात लावला मी त्याले," ती म्हणाली. "शेंदूर ओला होता. बोटाले लागला. वास घेतला तर जवसाचं तेल." ती माझ्या हातांकडे पाहत होती, नखांच्या कडेला कायमचा बसलेला काळा आणि लाल रंग असलेल्या माझ्या हातांकडे. "हा वास चौतीस वर्षं माह्या उशीले हाये. मले नही समजनार?"

 पुस्तकांतून जमवलेले सर्व शब्द त्या वेळी सुट्टीच्या दिवशीच्या वाचनालयासारखे बंद होते. तीच पुढे म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलले, "चांगला बसवला. पन जवळ बसवला तुमी."

"जवळ?"

"आर्धा कोस. आता सवय झाली. तठून वळले का वाटतं, आताशी तर पाय मोकळे होऊ ऱ्हायले." तिने पदराने पाय कोरडे केले. "आजून आर्धा कोस पुढं बसवाले पायजे होता."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्याबरोबर निघालो. ती माझ्यासाठी थांबली नाही. आणि ती थांबली नाही याचा मला प्रथम खेद झाला आणि बोरीच्या रांगेपाशी पोहोचेतो अभिमान वाटू लागला. पुष्पाबाई आणि इतर बायका अजून मागे होत्या. वच्छला पाळेवर चढली, तेव्हा मी चढणीच्या खालीच धापा टाकीत होतो. ती बाभळीपाशी पोहोचली. दगडाला तिने डाव्या हाताने स्पर्श केला, तो हात कपाळाला लावला, आणि मला वाटले ती आता वळेल. ती वळली नाही. पाळ जेथे संपते तेथून पुढे शेतांतून एक गाडीवाट शिरसोलीकडे जाते. त्या वाटेला ती लागली, हात रिकामे, डावा खांदा बोटभर उतरता, मानेवर घाम चमकत असलेली, थंडीत. मी कसाबसा बाभळीपर्यंत आलो. पुढे जाण्याचे बळ माझ्यात नव्हते. देवाच्या बाजूला, नारळाच्या शकलांमध्ये, थोडी जागा होती. मी तेथे बसलो, आणि ती दिसेनाशी होईतो पाहत राहिलो.